पट्टा गेला, तोफ शाबूत

बाहेर उणे एकतीस.
गाड्यांच्या नाकांतून वायरी निघून भिंतीतल्या प्लगांत गेलेल्या,
इंजिनं गोठू नयेत म्हणून रात्रभर शेक.
आत, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये,
बिंगोची टेबलं जोडून आम्ही गवत अंथरलंय:
हिरवं, कापडी, जूनमधलं.
ससकॅचवानात जून एवढाच मिळतो जानेवारीत.

ओरेस्ट वासिलेंको रणगाडे मांडतो, एका हातानं.
अंगठ्याएवढे. प्रत्येकावर चिखल रंगवलेला,
डावा हात चालत होता त्या वर्षांतला चिखल.

नियम मी वाचते.
चौतीस वर्षं शाळेची बस चालवली,
त्यामुळं माझ्याशी कुणी हुज्जत घालत नाही.
समोरचं चिलखत बारा, कुशीचं दहा,
पाठीचं आठ.
ज्यानं हे आकडे बसवले
त्याला माणसं ठाऊक असावीत.

तोफेची ताकद, अधिक फाशाचं दान.
कमी पडलं तर टवकाही उडत नाही.
बरोबरी झाली तर गोळा चाटून जातो,
आतल्यांच्या कानात घंटा, एक पाळी गप्प.
जास्त भरलं की आरपार.
मग दुसरा फासा.
वाईट तो हा.
लागलंय हे तर ठरून गेलेलं असतं,
काय लागलंय
तेवढंच विचारायचं उरतं.

डेरिक फ्रीसन, वय एकोणीस,
खताच्या गोदामातून थेट आलेला,
जिकडे तिकडे बारा दाखवत फिरतो.
छाती पुढे. सगळीकडे छाती पुढे.
ओरेस्टची एक फालतू चिलखती गाडी
झुडपाच्या कडेकडेनं तीन पाळ्या सरकतेय
आणि कुणी बघत नाही.
ताकद चार. दान पाच. पाठ आठ.
"आरपार," मी म्हणते.
दुसरा फासा टेबलाखाली जातो, रेडिएटरशी सापडतो,
पुन्हा टाकावा लागतो: चार.
पट्टा तुटला. जागचा हलणार नाही.

"म्हणजे मेलाच की," डेरिक म्हणतो
आणि उचलायला हात घालतो.

ओरेस्ट त्याचं मनगट धरतो.
ऑक्टोबरपासून त्याचे शब्द
बर्फावर चालल्यासारखे येतात, एकेक पाऊल चाचपत.
"पट्टा... गेलाय.
तोफ
आहे."
आणि उजवा हात वर करून दाखवतो.

आम्ही सगळे फाशाकडे बघत बसलो.
मग तो हसला, अर्ध्या चेहऱ्यानं.
तेव्हा आम्हाला हसता आलं.

सहाव्या पाळीत ओरेस्टचा सगळ्यात मोठा रणगाडा,
ज्याच्या बुरुजावर बारीक अक्षरात बायकोचं नाव आहे, ओल्हा,
टेकडीवरून उतरला तो बरोब्बर त्या अडकलेल्याच्या तोंडासमोर.
ताकद सात, दान सहा, तेरा.
समोरूनच गेला. बाराचे बारा असून.
दुसरं दानही सहा पडलं.
डेरिकचा चेहरा बघण्यासारखा झाला,
परत टाकू का, असं विचारत होता जवळजवळ.
पडलेलं दान परत टाकायचं नसतं, पोरा.
ते मी पुस्तक न उघडता सांगितलं.

धुरासाठी कापूस माझ्याकडे असतो,
ॲस्पिरिनच्या बाटल्यांतून निघतो तो.
बुरुजावर काजळी, त्यावर कापूस.
आमच्यात जळका सांगाडा उचलत नाहीत.
जिथं पेटला तिथंच ठेवायचा,
त्याच्या आडोशाला उरलेलं पायदळ बसतं
आणि आडोशाचा एक गुण मिळतो, ज्याच्या त्याच्या.
डेरिकची दोन पोरं आणि ओरेस्टचा एक वायरलेसवाला
दोन बाजूंनी त्याच लोखंडाला टेकलेत,
साडेनऊ वाजता.

शनिवारी बिंगो. मांडणी मोडावी लागणार.
कोण कुठं अडकलंय त्याचा फोटो काढून ठेवला.

बाहेर डेरिकनं ट्रकची वायर उपटली, गुंडाळली,
मग ओरेस्टचा डावा पाय
दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला,
रंग ओला असल्यासारखा.
दारावर हरिणाच्या धडकेचा जुना पोचा आहे.
ओरेस्टनं त्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे बघितलं,
पंचाकडे बघतात तसं.

"चाटून गेलं," मी म्हटलं.
त्यानं मान हलवली,
पण पटल्यासारखी नाही.